कुरडयांचं देऊळ

“जो माणूस नियमानं चालतो, त्याच्या केसाला या पृथ्वीच्या पाठीवर कोणी धक्का लावू शकत नाही!” धाड गावी बहिणीच्या मातीच्या गच्चीवर उभं राहून नारायणरावांनी जाहीर केलं. त्यांच्या हातात काठी होती, डोक्यावर ओला पंचा होता आणि समोर अंथरलेल्या जुन्या धोतरांवर चारशे कुरडया वाळत होत्या. वाक्य संपतं न संपतं तोच मागच्या बाजूनं एक कावळा आला, त्यानं त्यातल्या त्यात गोल अशी एक कुरडई निवडून उचलली आणि लिंबावर जाऊन निवांत खायला सुरुवात केली.

“व्याख्यान मंग दे बे,” खालून अंबूबाई ओरडल्या. “तुले कावळे हाकलाले बसवलं हाये. गेली का एखादी?”

“एकच गेली, बाई.”

“मंग तुह्या ताटातली एक कमी.”

नारायणरावांना बुलढाण्याच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. साहेबलोकांच्या प्रवासभत्त्याची बिलं तपासणं हा त्यांचा प्रांत. दौऱ्यावर वाघासारखे फिरणारे अधिकारी त्यांच्या टेबलासमोर येताना टोपी काढत. एका साहेबांचं बिल त्यांनी तीनदा परत केलं होतं. कारण मेहकरहून निघाल्याची आणि बुलढाण्यास पोचल्याची वेळ पाहता साहेबांची जीप उडत आली असावी, असा त्यांचा शेरा होता. ‘उडण्याचा दर नियमावलीत नाही,’ असंही त्यांनी खाली तांबड्या शाईनं लिहिलं होतं.

आता स्वतः नारायणरावच उडणार होते. कारण होतं शरयूचं लग्न.

शरयू त्यांची एकुलती एक मुलगी. तिला दिल्लीचं स्थळ मिळालं होतं. मुलाचे वडील रंगराव मूळचे पिंपळगाव राजाचे. पण तीस वर्षं दिल्लीच्या सरकारी हवेत राहून ते इतके दिल्लीचे झाले होते, की लग्नाच्या बोलणीत त्यांच्या तोंडून एक मराठी शब्द बाहेर पडला नाही. सगळं हिंदीत, आणि महत्त्वाचं असेल ते इंग्रजीत. लग्न दिल्लीतच, आणि साधेपणानं, असं त्यांनी ठरवून टाकलं. नारायणरावांच्या पत्नी सोजराबाईंनी भीत भीत रुखवताचा विषय काढला, तेव्हा रंगराव चष्म्याच्या वरून पाहत म्हणाले होते, “अरे भई, रुखवत-बिखवत आजकल कौन देखता है?”

हे वाक्य सोजराबाईंनी धाडला येऊन अंबूबाईंना सांगितलं. तिथं चूक झाली.

अंबूबाई म्हणजे नारायणरावांची थोरली बहीण. शरयूला त्यांनी अंगाखांद्यावर वाढवलेलं. पंचक्रोशीत कोणाच्याही पोरीचं लग्न असो, रुखवताच्या मुख्य वस्तूला हात अंबूबाईंचा लागे. त्यांनी ते वाक्य दोनदा म्हणून घेतलं आणि पदर खोचला. “कोन देखता म्हने! देखल्याबिगर त्याच्या नरड्याखाली घास उतरनार नाई असं रुखवत करते. नाई केलं त माहं नाव अंबू नाई.”

आणि त्यांनी देऊळ केलं. दीड हात उंच. भिंती कुरडयांच्या, खांब शेवयांच्या जुड्यांचे, छपराला उडदाचे पापड, पायऱ्यांना हातानं वळलेले गव्हाचे बोटवे, वर साखरेच्या पाकाचा कळस आणि गाभाऱ्यात उडदाच्या पिठाचा अंगठ्याएवढा गणपती. सगळं शिजवलेल्या गव्हाच्या चिकानं सांधलेलं. वजन म्हणाल तर पाटासकट अडीच किलो. पण शेजारच्या खोलीत कोणी शिंकलं तरी कळस थरथरायचा.

“हे रेल्वेनं जानार नाई,” अंबूबाईंनी हुकूम सोडला. “मागच्या साली गोजरबाईच्या पोरीचं रुखवत रेल्वेनं गेलं. निंगताना शेवयाचा पाळना होता, पोचला तवा त्याचा उपमा झाला होता. हे इमानानं जाईन. आन् तू घेऊन जाशीन.”

“बाई, विमान म्हणजे काय—”

“पैसे मी देते म्हनलं ना? हरभरा इकला यंदा. पन माह्या पोरीच्या सासरच्यायनं हे पाह्यलं पाह्यजे. अख्खं.”

अंबूबाईंना स्वतःला जाता येत नव्हतं. त्यांची गाय आठ दिवसांत व्यायची होती आणि गाईच्या बाबतीत त्यांचा माणसांवर विश्वास नव्हता. तेव्हा सोजराबाई, शरयू आणि बाकीचं वऱ्हाड मलकापुरातून रेल्वेनं पुढे गेलं. आणि औरंगाबादहून उदयपूर, जयपूर करत दिल्लीला जाणाऱ्या विमानात नारायणरावांची एक जागा ठरली.

तिकीट हातात पडताच नारायणरावांनी ते उलटं केलं. मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत इंग्रजीत नियम छापलेले होते. छापणारा सोडला तर ते नियम पूर्ण वाचणारा हा बहुधा भारतातला पहिलाच माणूस. भिंग आणि डिक्शनरी घेऊन त्यांनी तीन दिवस अभ्यास केला. जड सामान विमानाच्या पोटात टाकतात. म्हणजे पुन्हा उपमा. हातात काय नेता येतं, याची मात्र यादी होती. एक ओव्हरकोट, एक छत्री, एक कॅमेरा, वाचायचं पुस्तक, बाईमाणसाची पर्स आणि शेवटी, पोटकलम ‘इ’ : प्रवासात खाण्याचे पदार्थ. आकार लिहिलेला नव्हता.

“सापडलं!” नारायणराव म्हणाले. “बाई, हे देऊळ नाही. हा फराळ आहे.”

“तुले फराळच सुचतो,” अंबूबाई म्हणाल्या.

निघायच्या दिवशी पहाटेच धाडहून एस.टी. धरली. देवळाभोवती बांबूच्या कामट्यांचा पिंजरा आणि त्यावर मच्छरदाणीचं कापड. नारायणराव पिंजरा मांडीवर घेऊन बसले. शेजारी पोचवायला आलेल्या अंबूबाई, पदरात डागडुजीची पुरचुंडी घेऊन. पुरचुंडीत फुटकळ कुरडया, शेवया आणि डबीभर चीक.

“कोन्या गावचा देव जी?” कंडक्टरनं विचारलं.

“देव नाही. कुरडया आहेत.”

“हाव, हाव. वर्गणी नाई मागत मी, घाबरू नका,” कंडक्टर म्हणाला आणि त्यानं पायातली चप्पल काढून नमस्कार केला.

एकानं नमस्कार केला की दुसऱ्याला करावाच लागतो, हा एस.टी.चा अलिखित नियम आहे. भोकरदन येईपर्यंत अर्धी गाडी पुढे येऊन पाया पडून गेली. ड्रायव्हरनं देव गाडीत आहे म्हणून खड्डे चुकवायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत त्याला ते जमत होतं हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. नारायणराव प्रत्येकाला “अहो, गहू आहे, गहू!” असं सांगत होते, आणि प्रत्येकाची खात्री पटत होती की हा पुजारी फार नम्र आहे. एवढ्यात सत्यभामाबाई नावाच्या एक आजी मागच्या बाकावरून आल्या. त्यांनी कोणी काही म्हणायच्या आत मच्छरदाणी वर केली, उंबऱ्याला ठसठशीत कुंकू लावलं, दोन झेंडूची फुलं वाहिली आणि नातवाच्या परीक्षेचा नवस बोलून टाकला.

“आता?” नारायणरावांनी घाबरून विचारलं.

“आता काय? पोरगा पास होईन,” अंबूबाई म्हणाल्या. “कुकू पुसू नको. अपशकुन होते.”

असं कुंकू ल्यालेलं, फुलं वाहिलेलं देऊळ दुपारी विमानतळाच्या काउंटरवर पोचलं. काउंटरवर चिंतामण नावाचा तरुण कारकून होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, टेबलावर सगळे कागद एका रेषेत.

“हे काय आहे?” त्यानं विचारलं.

“हातातलं सामान. पोटकलम ‘इ’. प्रवासात खाण्याचे पदार्थ.”

चिंतामणनं मान वर केली. नोकरीत लागल्यापासून त्याला पोटकलम सांगणारा उतारू भेटला नव्हता. परगावच्या जत्रेत पैलवानाला तोडीचा पैलवान दिसावा, तसे त्याचे डोळे चमकले.

“हे देऊळ आहे.”

“देवळाच्या आकाराचे पदार्थ. आकाराबाबत नियम मौन पाळतो.”

“आत मूर्ती आहे.”

“उडदाच्या पिठाची.”

“कुंकू लावलंय. फुलं वाहिलीत. म्हणजे पूजेतली मूर्ती.” चिंतामणनं एका रेषेतल्या कागदांतून नेमका एक कागद काढला. “साहेब, इथून लेणी जवळ. जुन्या मूर्ती पळवणारे लोक असतात. आम्हाला परिपत्रक आहे. पुरातन वस्तू दाखल्याशिवाय विमानात चढवायची नाही. किती जुनं आहे हे?”

“मागच्या मंगळवारचं.”

“दाखला?”

आता अंबूबाई पुढे आल्या. “मी हाये ना दाखला! या हातानं गहू भिजवला, या हातानं चीक पाडला. तुले काय पाह्यजे ते इचार.”

“आजी, हे गव्हाचंच आहे हे सिद्ध करावं लागेल. एक तुकडा तोडून—”

“एक तुकडा तोडशीन त तुहा हात तोडीन.” अंबूबाईंनी पदरातली पुरचुंडी सोडून एक फुटकळ कुरडई त्याच्यापुढे धरली. “हे घे. त्याच घाण्याची हाये. खा.”

“कच्ची?”

“तुह्यासाठी इमानाच्या दारात चूल मांडू काय?”

चिंतामणनं कुरडई दातांत धरली. कटकन आवाज झाला. कुरडईचा की दाताचा, हे कळलं नाही. त्यानं बराच वेळ चावलं, गिळलं आणि प्रामाणिकपणे मत दिलं, “गहूच आहे. मीठ जरा कमी आहे.”

त्यानंतरच्या पाच मिनिटांत अंबूबाई जे बोलल्या ते नारायणरावांनी पुढे आयुष्यात कोणाला सांगितलं नाही. धावपट्टीवरचं काम करणारी माणसं मात्र काम थांबवून खिडकीशी जमली होती.

चिंतामण घाम पुसत म्हणाला, “ठीक आहे. पुरातन नाही, पदार्थ आहे. पोटकलम ‘इ’ मान्य. पण मग त्याला जोडून असलेली टीपही मान्य करावी लागेल.” आणि त्यानं एक छापील प्रतिज्ञापत्र पुढे सरकवलं.

नारायणरावांनी वाचलं. ‘प्रवासात खाण्याचे म्हणून हाती नेलेले पदार्थ प्रवास संपण्यापूर्वी खाऊन संपविले पाहिजेत. उरल्यास तो माल समजण्यात येईल व माल हाती नेल्याबद्दल जप्त करण्यात येईल.’ मसुदा नेटका होता. एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नव्हती. असं निर्दोष कलम नारायणरावांनी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच पाहिलं. त्यांचा ऊर भरून आला, आणि त्या भरात त्यांनी झोकदार सही ठोकून दिली. शाई वाळल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सही कशावर केली.

“काय लिवलं बे त्यात?” अंबूबाईंनी विचारलं.

“मी हे देऊळ दिल्ली यायच्या आत खाऊन टाकीन असं.”

अंबूबाईंनी भावाकडे नीट निरखून पाहिलं. “खाऊन तं पाह्य,” त्या म्हणाल्या, पुरचुंडी त्याच्या कोटाच्या खिशात कोंबली आणि एस.टी. स्टँडच्या दिशेनं चालू लागल्या. त्यांना गाईकडे जायचं होतं.

विमान दोन पंख्यांचं होतं. शेपूट जमिनीला टेकवून आणि नाक वर करून ते बसलं होतं, त्यामुळे आत शिरल्यावर गड चढावा तशी वाट चढावी लागत होती. नारायणराव देऊळ छातीशी धरून चढले आणि आपल्या जागेवर टेकले. शेजारच्या खुर्चीत आणि यांच्याही थोड्याशा खुर्चीत खामगावचे कापसाचे व्यापारी मोतीरामशेठ बसलेले होते.

“नमस्कार. काय, नैवेद्य?” शेठजींनी विचारलं.

“रुखवत.”

“कुरडया दिसतात. वा! तळलेल्या?”

“कच्च्या.”

“तरी चालतील,” शेठजी म्हणाले आणि जरा जवळ सरकले. सरकायला जागा नव्हती, तरी सरकले.

विमान उडालं. नारायणराव खिडकीतून खाली बघणार तोच शैलजा नावाची हवाई सुंदरी हसत हसत पुढ्यात उभी राहिली. तिच्या हातात त्यांच्याच प्रतिज्ञापत्राची प्रत होती.

“काका, औरंगाबादहून सूचना आहे. तुम्ही सुरुवात कधी करणार?”

“कशाला?”

“हे खायला. दिल्लीत उतरताना रिकामा पाट दाखवायचा आहे. उरलं तर ते लोक जप्त करतात, आणि मला लेखी विचारतात. तुमचं तर बरंच आहे हो. आत्ताच कळसापासून घेतलंत तर जयपूर येईतो खांबांपर्यंत याल.”

“मी मदत करू शकतो,” मोतीरामशेठ म्हणाले.

आयुष्यात नारायणरावांनी सही केलेला कागद मोडला नव्हता, आणि बहिणीचा शब्दही मोडला नव्हता. दोन्ही आज त्यांच्या मांडीवर बसले होते. त्यांनी डोळे मिटून विचार केला. आज वार कोणता? गुरुवार.

“मुली, आज माझा गुरुवार आहे. उपवास. गहू चालत नाही.”

“दर गुरुवारी असतो?”

नारायणराव खोटं बोलत नसत. “आजपासून दर गुरुवारी,” ते म्हणाले. पुढे ते हयात असेपर्यंत त्यांनी गुरुवार पाळले. त्याचं मूळ हे असं साडेसात हजार फुटांवर आहे.

शैलजा विचारात पडली. धर्माच्या बाबतीत तिच्या पुस्तकात काही नव्हतं. थोड्या वेळानं तिनं सगळ्यांना खाण्याची ताटं आणली. त्यात पांढराशुभ्र पाव होता, बटाट्याची भाजी होती, गुलाबी केक होता. पहाटेपासून नारायणरावांच्या पोटात एक कप चहा होता. मोतीरामशेठनी स्वतःचं ताट संपवलं, मग “उपवासाचं वाया जायला नको” म्हणून नारायणरावांचंही संपवलं, आणि केक तोंडात असताना त्यांना धीर दिला, “श्रद्धा मोठी गोष्ट आहे हो.”

उदयपूर गेलं. जयपूरच्या अलीकडे ऊन तापलेलं होतं आणि हवेत खड्डे होते. अशाच एका खड्ड्यात विमान एकदम दहा-वीस हात खाली गेलं. नारायणरावांसकट सगळे पट्ट्यांनी बांधलेले होते. देवळाला पट्टा नव्हता. मच्छरदाणीसकट ते हवेत वर गेलं, क्षणभर अधांतरी थांबलं आणि मोतीरामशेठच्या पोटावर अलगद उतरलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते पोट कोणाच्या तरी उपयोगी पडलं होतं.

“हलू नका!” नारायणराव ओरडले.

“मी हलूच शकत नाही,” शेठजी म्हणाले. तेही खरं होतं.

डावीकडचे दोन खांब निखळले होते आणि छपराचा एक पापड लोंबत होता. नारायणरावांनी खिशातून पुरचुंडी काढली. चिकाची डबी उघडली. पण त्यांच्या जाड बोटांनी खांब काही उभा राहीना. तेव्हा शैलजा खाली बसली. तिची बोटं सडपातळ होती. “माझी आई अकोल्याची आहे, काका,” ती हळूच म्हणाली. “आमच्याकडेही करायचे हे.” पुढच्या रांगेतल्या दोन गोऱ्या बाया लेणी पाहून परतत होत्या, त्या गुडघ्यांवर मागे वळल्या; एकीनं पापड धरला, दुसरीनं भिंत. शेठजींनी श्वास रोखून धरला. कारण त्यांनी श्वास घेतला की पायाच हलत होता. अशा रीतीनं जयपूरच्या आकाशात त्या देवळाचा जीर्णोद्धार झाला.

पुरचुंडीतली एक कुरडई उरली. शेठजींनी ती मजुरी म्हणून मागून घेतली आणि कडाडा खाल्ली.

“मीठ—” ते म्हणू लागले.

“बोलू नका,” नारायणराव म्हणाले. “बहिणीला धाडपर्यंत ऐकू जाईल.”

दिल्लीला उतरल्यावर शैलजाचा नाइलाज झाला. तिनं नारायणरावांना ड्यूटीवरच्या अधिकाऱ्यासमोर नेलं. अधिकारी उंचापुरा, मिशीवाला, थकलेला. त्यानं प्रतिज्ञापत्र वाचलं, अख्खं देऊळ पाहिलं आणि विचारलं, “ये आपके दस्तखत हैं?”

“जी हां.”

“तो खाया क्यों नहीं?”

नारायणरावांच्या डोळ्यांसमोर बहिणीचा चेहरा आला. मग कचेरी आली. मग एकतीस वर्षांची बिलं आली. आणि एकाएकी, दिवसभरात पहिल्यांदाच, ते ताठ झाले.

“साहब,” ते म्हणाले, “लिखा है प्रवास संपने के पहले. प्रवास संपा किधर है? सरकारी नियम के मुताबिक प्रवास विमानतळ पे नहीं संपता. कर्मचारी अपने मुक्काम के दरवाजे पे पोचता है, तब संपता है. मैंने एकतीस साल बिलं तपासी हैं. विमानतळ से घर तक का टांगा भी उसी प्रवास में पकडते हैं. मेरा मुक्काम लगीन का मंडप. मैं अभी प्रवास में हूं. मेरे पास टाइम है.”

अधिकाऱ्यानं इकडेतिकडे पाहून टेबलाचा खण उघडला आणि एक चुरगळलेला कागद काढला.

“घर तक का टांगा... मिलता है?” त्यानं विचारलं. “मेरा बिल तीन बार वापस आया है.”

नारायणरावांनी देऊळ टेबलावर ठेवलं, चष्मा लावला आणि बिल हातात घेतलं. पंधरा मिनिटांत त्यांनी त्यातल्या पाच चुका काढल्या आणि राहून गेलेले दोन हक्काचे प्रवास घातले. अधिकाऱ्यानं उभं राहून त्यांचा हात हातात घेतला, प्रतिज्ञापत्रावर ‘प्रवासी अद्याप प्रवासात’ असा शेरा मारला आणि मंडपापर्यंत जायला स्वतःची जीप दिली. दिल्लीच्या जीपमध्ये मांडीवर देऊळ घेऊन बसलेले नारायणराव रस्त्याकडे बघत नव्हते. नियमानं चालणाऱ्या माणसाच्या केसाला कोणी धक्का लावू शकत नाही, हे त्यांना पुन्हा पटलं होतं.

मंडपात देऊळ मधोमध चौरंगावर मांडलं. सोजराबाईंनी सगळे सांधे डोळ्यांनी तपासले आणि मग कुठे नवऱ्याला पाणी दिलं. शरयू आली आणि बघतच राहिली. “आत्यानं केलं?” एवढंच ती म्हणाली, आणि तिला डोळ्यांचं काजळ सांभाळणं अवघड होऊन बसलं. मग एकेक करून दिल्लीच्या बायका जमल्या. “हाय राम, ये खाने का है?” असं म्हणत बोट लावायला पुढे आल्या आणि सोजराबाईंची नजर पाहून मागे सरल्या. वरमाई सरस्वतीबाई सकाळपासून सगळं सिंपल, सिंपल म्हणत होत्या. त्या देवळापाशी आल्या, दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि हळूच डोक्यावरून पदर घेतला.

राहिले एकटे रंगराव.

ते आले तशी गर्दी बाजूला सरली. बंद गळ्याचा कोट, हातात काठी, कपाळावर दिल्ली. ज्यांच्यासाठी चारशे कुरडया वाळल्या, ज्यांच्या एका वाक्यापायी हे देऊळ आकाशातून आलं, ते हेच. त्यांनी देवळाला एक फेरी घातली. मग आणखी एक. पायऱ्या पाहिल्या, खांब पाहिले, वाकून गाभाऱ्यातला गणपती पाहिला. मग भिंतीशी नाक नेऊन त्यांनी लांब श्वास घेतला, आणि तसेच वाकून उभे राहिले. सोजराबाईंनी नारायणरावांचा सदरा मुठीत धरला.

अखेर रंगराव सरळ झाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. काठीनं खूण करून नारायणरावांना कनातीच्या मागे बोलावलं. नारायणराव गेले. जावंच लागलं, मुलीचा बाप.

कनातीच्या मागे रंगरावांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. कोणी नाही असं बघून ते व्याह्यांच्या कानाशी झुकले आणि तीस वर्षं मुरलेली हिंदी-इंग्रजी एका झटक्यात बाजूला सारून म्हणाले,

“काऊन हो व्याही, तिकडच्या मागच्या अंगाच्या, कोनाले दिसत नाईत अशा, चार कुरडया तळून भेटतीन काय? आमच्या हिले नका सांगू.”